देवीच्या उजवीकडचा पंखा

आमच्या डोंगरावरची देवी पूर्वी बऱ्याचदा ‘नाही’ म्हणायची. तक्रार म्हणून सांगत नाही. तिचा स्वभावच तसा होता, आणि गावानं तो घरातल्या खाष्ट सासूसारखा सांभाळून घेतला होता. हल्ली ती सगळ्यांना हो म्हणते. हा बदल कसा झाला याचं शास्त्रीय कारण मला ठाऊक आहे, कारण मी तळेगावच्या एका शाळेत शास्त्र शिकवतो. ते कारण चार लोकांत रंगवून सांगून मी बरेच हशे मिळवले. शेवटी ते माझ्याच अंगाशी आलं.

आमचं गाव आंदर मावळात, टाकव्याच्याही पुढे. खाली भाताची खाचरं, वर डोंगर, डोंगरावर देवी. देवी म्हणजे मूर्ती नव्हे, तांदळा. शेंदूर फासून फासून गुळगुळीत झालेला गोल दगड आणि त्याला बसवलेले दोन चांदीचे डोळे. हात नाहीत, पाय नाहीत, मान नाही. पण उजवा खांदा आणि डावा खांदा मात्र आहे, आणि तो नेमका कुठे हे गावातलं शेंबडं पोरही दाखवील. कारण गावचा सगळा कारभार त्या दोन खांद्यांवर चालतो. लग्न जमवायचं असो, विहीर खणायची असो की बैल विकायचा असो, माणूस मंगळवारी डोंगर चढून कौल लावायला जातो. गुरव झेंडूच्या दोन सारख्या पाकळ्या निवडतो, तांब्यातल्या पाण्यात बुडवतो आणि दोन खांद्यांवर एकेक चिकटवतो. उजवी आधी पडली तर हो, डावी आधी पडली तर नाही. उजवी म्हणजे देवीची उजवी, आपली नव्हे. लोणावळ्याला बंगला असलेल्या एका साहेबांनी एकदा आपली उजवी धरली आणि देवीनं नको म्हटलेली जमीन घेऊन टाकली. ती अजून ओसाड पडली आहे.

आणखी एक नियम आहे. प्रश्न मनात धरायचा, तोंडानं बोलायचा नाही. बोललं तर देवीच्या आधी गावच उत्तर देतं, म्हणून असेल. गुरवालासुद्धा प्रश्न सांगत नाहीत. तो फक्त काय पडलं ते सांगतो, "उजवा दिला" किंवा "डावा दिला", आणि अंगारा हातावर ठेवतो.

माझ्या लहानपणी या सगळ्याला अर्धा दिवस लागायचा. दगड थंड, गाभारा कोंदट, पाकळ्या चिकटल्या की चिकटल्या. माणसं सभामंडपात बसून तंबाखू मळायची, एकमेकांच्या सोयरिकी काढायची, डुलक्या घ्यायची. मला तळेगावला शिकायला ठेवायचं की नाही हे वडिलांनी देवीला विचारलं तेव्हा तिनं डावा दिला. पुढच्या मंगळवारी वडील पुन्हा गेले. पुन्हा डावा. असे ते पाच मंगळवार गेले. सहाव्या मंगळवारी देवी कंटाळली आणि मी मास्तर झालो. घरात यावर कुणी हसत नसे. वडील म्हणायचे, देवी काय कुठे पळून जाते, तिला पुन्हा विचारलं तर काय बिघडलं.

मग जीर्णोद्धार झाला. हा शब्द आला की जुनी वस्तू जीव मुठीत धरून बसते. देवस्थान कमिटी स्थापन झाली, गॉगल लावणारा अध्यक्ष मिळाला, दोन तृतीयांश डोंगरापर्यंत काँक्रीटचा रस्ता गेला. दगडी गाभाऱ्याला आतून टाइल्स लावल्या. निळ्या, मासे असलेल्या. ठेकेदाराकडे कुणाच्या तरी न्हाणीघरातल्या उरल्या होत्या असं गाव म्हणतं, आणि मासे पाहता मला ते पटतं. कौल पूर्वी फक्त मंगळवारी लागायचा, तो भाविकांच्या सोयीसाठी रविवारीही सुरू झाला. देवीला साप्ताहिक सुट्टी होती, ती गेली. रविवारचे भाविक म्हणजे लोणावळ्याला राहायला आलेले पाहुणे. त्यांना धबधबे पाहून झालेले असतात, चिक्की घेऊन झालेली असते, मग कुणीतरी सांगतं की एका डोंगरावर दगड प्रश्नाचं उत्तर देतो. की निघाल्या गाड्या.

त्यातल्याच एका पाहुण्याला गाभाऱ्यात घाम आला म्हणून त्यानं पंखा दिला. भिंतीवर बसवायचा, भला मोठा, कारखान्यात असतो तसला. तो दिला त्याच्या आईच्या स्मरणार्थ, आणि आईच्या नावाखाली स्वतःचं नाव त्याहून ठळक. पंखा बसवायला वायरमन आला तेव्हा डाव्या भिंतीवर घंटेची दोरी होती, मागे मखर होतं, म्हणून त्यानं तो उजव्या भिंतीवर ठोकला. देवीच्या उजव्या.

त्या दिवसापासून देवी बदलली. दोन ओल्या पाकळ्यांपैकी एकीवर वारा जोरात आला तर तिचं पाणी आधी सुकणार आणि ती आधी पडणार, यात चमत्कार काही नाही. बाष्पीभवन वाऱ्याच्या वेगावर अवलंबून असतं, हे मी दर वर्षी मुलांना ओला रुमाल वाळत घालून दाखवतो. अर्धा दिवस लागायचा तो कौल आता पाच मिनिटांत लागतो, आणि तो उजवाच लागतो. गेल्या ग्रामपंचायतीला सरपंचपदाचे दोन उमेदवार होते. दोघेही वर गेले, दोघांनाही उजवा मिळाला, दोघांनीही निकालाच्या आदल्या दिवशीच गुलाल आणून ठेवला. जो पडला तो देवीवर रागावला नाही. त्यानं म्हणे उभा राहू का एवढंच विचारलं होतं.

पंख्याची ही भानगड माझ्या लक्षात आली तेव्हा मला कोण आनंद झाला. मी गुरवाला गाठलं. गुरव म्हातारे, सगळे त्यांना आबा म्हणतात, त्यांच्या पाच पिढ्या याच दगडाला शेंदूर लावत आल्या. मी त्यांना बाष्पीभवन समजावून सांगितलं, अगदी रुमालासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर," ते म्हणाले, "वारा कुनाचा? देवीचाच ना?"

हे वाक्य मी शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीत आबांच्या आवाजात कितीतरी वेळा करून दाखवलं. पाहुण्यांतही दाखवलं. जग किती भोळं आहे आणि मी किती हुशार, हे एका वाक्यात सांगण्याची सोय त्यात होती. अशी वाक्यं फार जपून वापरावीत, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता आईकडे येतो, कारण गोष्ट तिची आहे. वडील गेल्यापासून ती गावी एकटी राहते. एकटी हा माझा शब्द. तिचं म्हणणं, शेजारी मावशी आहेत तर एकटी कशी. मावशींचं आणि आमचं अंगण एकच आहे, मध्ये फक्त पेरूचं झाड. दोघी एकाच वर्षी लग्न होऊन गावात आल्या, एकाच चिखलात भात लावत म्हाताऱ्या झाल्या. मावशींचं घर बौद्ध. त्यांच्या सासऱ्यांनी घरातले देव इंद्रायणीत सोडले, त्याला आता किती वर्षं झाली. त्याआधी त्यांच्या माणसांना डोंगराच्या पहिल्या पायरीशी थांबावं लागायचं. जीर्णोद्धाराच्या वर्गणीला मात्र कमिटी सगळ्यात आधी त्यांच्याच दारात उभी राहिली, कारण मावशींचा मुलगा कंपनीत कायम आहे. मावशींनी सगळ्यांना चहा दिला आणि विचारलं, आता आमी कितव्या पायरीपातूर यायचं तेवढं सांगा. कमिटीनं चहा संपवला आणि वर्गणीचा विषय पुन्हा काढला नाही.

या दोघींचा सकाळचा पहिला चहा एकत्र. एक दिवस हिच्या चुलीवर, एक दिवस तिच्या. चहापत्ती कुणाची आणि साखर कुणाची यावरून दोघी रोज भांडतात. अबोला धरला तर चहापुरता सोडतात.

भाद्रपदात आई गोठ्याच्या दारात शेणावरून घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं, आणि मावशी शेतातून येईपर्यंत ती दोन तास तिथेच पडून होती. मला कळलं ते प्लास्टर घालून झाल्यावर, मावशींच्या फोनवरून, आणि तो फोनही आईला न सांगता केलेला. मी गावी गेलो, भरपूर ओरडलो, घाबरलो होतो म्हणून जरा जास्तच ओरडलो. आता पुरे, आता तळेगावला चलायचं, असा निर्णय मी जाहीर केला. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, दवाखाना हाकेच्या अंतरावर. बायकोनं आतल्या खोलीतली माझी पुस्तकं बाहेर काढली, आईच्या गुडघ्यांना झेपेल अशी बुटकी कॉट केली, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली. बायकोचं मन चांगलं आहे. ती हे माझ्या सांगण्यावरून करत नव्हती.

आई मात्र हो म्हणेना आणि नाहीही म्हणेना. भात निघू दे म्हणाली. मग म्हैस गाभण आहे म्हणाली. मी प्रत्येक कारणाला उत्तर घेऊन जायचो आणि ती नवं कारण काढायची. शेवटी एका रविवारी मी चिडून म्हणालो की तुला यायचं नसेल तर तसं तोंडानं सांग. तिनं प्लास्टर काढलेला हात दुसऱ्या हातानं चोळला, बराच वेळ चोळला.

"देवीला इचारते," ती म्हणाली. "ती म्हनंल तसं."

मला हसू आवरेना. ज्या पंख्याची मी इतकी टिंगल केली, तो एकदम घरचा माणूस वाटायला लागला. देवी आता कुणालाही नाही म्हणत नाही. आई विचारणार जाऊ का, पंखा म्हणणार हो, आणि देवीचा शब्द आईनं जन्मात कधी मोडलेला नाही. मी तोंड गंभीर ठेवून म्हणालो की ठीक आहे, देवी म्हणेल तसं. घरी येऊन बायकोला सांगितलं, खोली तयार ठेव. पुढच्या रविवारी जायचं ठरलं. आठवडाभर मी खुशीत होतो, वर्गात बाष्पीभवनाचा धडा नसतानाही काढला.

रविवारी सकाळी गावी पोचलो तर अंगणात आईबरोबर मावशीही पदर खोचून तयार. मला आश्चर्य वाटलं. मावशी देवळात हात जोडत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक.

"मी देवीकडं न्हाई चालले," त्या म्हणाल्या. "मी हिच्या गुडघ्यांसंगं चालले."

मी म्हटलं की गाडीनं रस्ता संपेल तिथवर जाऊ, पुढे पायऱ्या थोड्याच आहेत. आईनं ऐकलं नाही. इचारायला जायाचं तर पायानं जायाचं, असं तिचं म्हणणं. म्हणून आम्ही खाचरांच्या बांधावरून जुन्या वाटेनं निघालो. भात पिवळं पडायला लागलं होतं, इंद्रायणी तांदळाचा वास सुटला होता. दोघी पुढे, मी पिशवी घेऊन मागे. पिशवीत नारळ, हळदकुंकू, घरचा झेंडू आणि पाण्याची बाटली. दर थोड्या वेळानं दोघी थांबायच्या, एकमेकींकडे बघायच्या आणि हळू काहीतरी बोलायच्या. मी जवळ गेलो की गुडघ्यांचा विषय निघायचा. मला वाटलं, निरोपाचं बोलत असतील. वाईटही वाटलं. पण दवाखाना, लिफ्ट, दांडी हे सगळं मनात पुन्हा एकदा मोजलं आणि आपण करतो ते बरोबरच करतो, अशी समजूत घालून घेतली.

वर रविवारची जत्राच होती. रस्ता संपतो तिथे गाड्या लागलेल्या, मक्याची कणसं भाजणारे, लिंबूसरबत, आणि कमिटीचा फ्लेक्स, हाकेला धावणारी, त्वरित कौल देणारी देवी. त्वरित हा शब्द लाल रंगात होता. एक जोडपं पायरीवर आपलाच व्हिडिओ काढत होतं, त्यांच्या मागे दुसरं जोडपं रांगेत उभं होतं, दर्शनासाठी नव्हे, त्या पायरीसाठी. चपलांच्या ढिगाशी एक बाई फोनवर सांगत होत्या की आम्ही टेम्पलला आलोय, खूप ऑथेंटिक आहे, फक्त टाइल्स जरा बघवत नाहीत. माझंही मत तेच होतं, पण त्या बोलल्यावर मला टाइल्सची बाजू घ्यावीशी वाटली.

रांगेतून आमचा नंबर आला. मावशी सभामंडपात खांबाला टेकून बसल्या. त्या खांबावरच बटणांचा बोर्ड आहे. आबांनी आईला पाहिलं आणि रांग थांबवली. गावच्या माणसाला ते अजून जुन्या रीतीनं बसवतात. त्यांनी पाट दिला, ओटी घेतली, निरांजन लावलं. एरवी ते निरांजन आडोशाला ठेवत, त्या दिवशी मात्र ते विझू नये म्हणून आबा उठून बाहेर आले, पंख्याचं बटण बंद करून पुन्हा आत गेले.

पंखा हळू होत होत थांबला. त्याची पाती मी प्रथमच स्थिर पाहिली, त्यांच्यावरही देणगीदाराचं नाव होतं. आबांनी आईनं आणलेल्या झेंडूतल्या दोन पाकळ्या काढल्या, भिजवल्या, दोन खांद्यांवर ठेवल्या. आईनं डोळे मिटले. मोडून सांधलेल्या मनगटाचा हात तिला नीट जोडता येत नव्हता, एक पंजा दुसऱ्यापेक्षा खाली राहत होता. तिचे ओठ हलत होते. मी गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेर उभा होतो आणि त्या दोन पाकळ्यांकडे बघत होतो. पंखा नाही, वारा नाही. आता काहीही होऊ शकत होतं.

पाच मिनिटं गेली. मागची रांग चुळबुळायला लागली. मला डावी पाकळी जराशी हलल्यासारखी वाटली. हलली नसेलही. पण मला आई गोठ्याच्या दारात पडलेली दिसली, दोन तास तशीच पडलेली, आणि मी फळ्यावर काहीतरी लिहितोय. मी मागे सरकलो, खांबापाशी गेलो, मावशींच्या डोक्यावरून हात घालून बटण दाबलं.

स्पीकरवर आरती सुरू झाली. इतक्या मोठ्यानं, की मका भाजणाऱ्यानंही वळून पाहिलं. मी चुकून लागलं असं पुटपुटत ते बंद केलं आणि त्याच्या शेजारचं दाबलं. पंखा घरघरला. निरांजन विझलं. आबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि ते पुन्हा देवीकडे वळले. आईनं डोळे उघडले नाहीत. मावशी पदरानं तोंड पुसत होत्या.

मी दर वर्षी मुलांना सांगतो ते सगळं तंतोतंत घडलं. उजव्या पाकळीची कड आधी वाळली, वळली, थरथरली आणि पाकळी निळ्या माशांवर येऊन पडली.

"उजवा दिला," आबा म्हणाले.

आईनं देवीपुढे डोकं टेकलं ते लवकर उचललंच नाही. तिची पाठ हलत होती. ती रडत होती. मला भरून आलं, आणि खरं सांगायचं तर जिंकल्यासारखंही वाटलं. आबांनी अंगारा दिला, प्रसादाची दोन सीताफळं दिली. माझ्या हातावर अंगारा ठेवताना ते म्हणाले, वारा देवीचाच बरं का मास्तर. मी त्यांच्या डोळ्यांकडे पाहणं टाळलं.

उतरताना निम्म्या वाटेवर हिरड्याचं झाड आहे. तिथे दोघी टेकल्या. मावशींनी एक सीताफळ फोडून आईला अर्धं दिलं, मला अर्धं दिलं, दुसरं स्वतः घेतलं. मी मायेनं, शक्य तितक्या हळू आवाजात विषय काढला. म्हणालो, येत्या रविवारी गाडी घेऊन येतो, काय काय बरोबर घ्यायचं ते बांधून ठेव, म्हशीचं मी बघतो.

"गाडी कशापायी?" आईनं विचारलं.

मी म्हणालो की देवीनं हो म्हटलं ना.

"म्हनली की. मी इचारलं, हितंच ऱ्हाऊ का. व्हय म्हनली."

सीताफळाची बी माझ्या दाताखाली आली. मग मी म्हणालो की आपलं ठरलं होतं, तू जाऊ का असं विचारणार होतीस. आईनं विचारलं, कुणी ठरवलं होतं. मी आठवून पाहिलं. ती फक्त देवीला इचारते एवढंच म्हणाली होती. बाकीचं सगळं मी एकट्यानं, माझ्या मनात, खुशीत ठरवलं होतं.

मावशींनी तोंडातली बी दूर उडवली. त्यांनी मग मला समजावून सांगितलं, मी मुलांना सांगतो तसं, टप्प्याटप्प्यानं. पंख्याचं सगळ्या गावाला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. पाकळ्या वेचणाऱ्या, कपडे वाळत घालणाऱ्या बायकांना वाऱ्यानं काय आधी सुकतं हे शिकवायला मास्तर लागत नाही. तेव्हापासून माणसं डोंगर चढायच्या आधी प्रश्न नीट घडवतात, उलटसुलट करून बघतात आणि जे उत्तर हवं त्याला हो बसेल असा प्रश्न धरून वर जातात. हिचा सवाल आमी दोघींनी चार दिस घोळला, त्या म्हणाल्या. वाटेतही पुन्हा पुन्हा म्हणून घेतला, म्हातारपणात उलटा व्हायला नको.

"आन् आबांनी पंखा बंद केला तवा माझा जीव गेलता," मावशी म्हणाल्या. "मी बटन दाबाया उठतच व्हते. म्हनलं, आपला हात कशाला लावायचा देवाच्या कामाला. तेवढ्यात तूच आलास."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मला राग आला. इतका आला की मी, सगळ्या जगाला पंख्याची गोष्ट सांगून हसवणारा, आईला म्हणालो की ही देवीची फसवणूक आहे. हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि निघालेलं मलाच ऐकू आलं.

"मी न्हाई फसवलं," आई म्हणाली. "बटन तू दाबलंस."

खाली आमचं घर दिसत होतं, मावशींचं दिसत होतं, मधला पेरू दिसत होता. थोड्या वेळानं मी विचारलं, आणि पंखा लागलाच नसता तर. आईनं सीताफळाची साल पदराच्या टोकात गुंडाळली. ती वाटेत टाकत नाही.

"मंग तिनं डावा दिला असता तर आले असते तुझ्यासंगं. तिचं मोडलं नसतं." तिनं पदराची गाठ आवळली. "त्याचंच भ्या वाटत व्हतं रं. चार दिस डोळ्याला डोळा न्हाई."

मला लाज वाटली. फसलो म्हणून नव्हे. अख्ख्या गावात देवीचं उत्तर खरोखर पाळणारी जी एक बाई उरली होती, तिला मी पाच मिनिटांपलीकडे थांबू दिलं नव्हतं. आणि वाऱ्याशिवाय दोन्ही पाकळ्यांचा न्याय सारखाच होता. निम्मी शक्यता माझी होती, ती मी माझ्याच बोटानं घालवली. पण तिच्या तोंडावर मी गेल्या दोन महिन्यांत न पाहिलेलं काहीतरी होतं. ती निवांत दिसत होती, भात कापून घरात आल्यावर दिसते तशी. मी तिचा हात धरून तिला उठवलं. मनगट अजून सुजरं होतं. मी म्हणालो की गोठ्याच्या दाराशी फरशी घालून देतो, दांडीही बसवतो. मावशी म्हणाल्या की दोन बसव, एक माझ्या दाराला.

संध्याकाळी तळेगावला परतलो. बायकोनं दार उघडतानाच विचारलं, काय म्हणाली देवी. हो म्हणाली, मी म्हणालो. तिचा चेहरा उजळला. ती तशीच आतल्या खोलीत गेली, बुटक्या कॉटवर नवी चादर अंथरायला लागली, आईंना भिंतीकडे उशी आवडते ना, असं तिथूनच विचारलं. मी दारात चपला न काढता उभा होतो. चादर निम्मी अंथरून झाली तेव्हा मी तिला प्रश्न सांगितला.